पर्यटक-कर : अधिकार आणि उत्तरदायित्व



शहराने बाहेरून येणाऱ्या पर्यटकाकडून कर घ्यावा की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात बहुधा नाक्यावरच्या हुज्जतीपुरता उरतो. वस्तुतः तो नगरपालिकांच्या वित्तव्यवस्थेचा प्रश्न असून त्याचा विचार त्याच पातळीवर व्हायला हवा. प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन असे की, ज्या गावावर पर्यटनाचा भार त्याच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठा पडतो, त्या गावाला असा कर घेण्याचा न्याय्य अधिकार आहे. मात्र जमा रकमेचा उघड हिशेब जे गाव देत नाही, त्याचा हा अधिकार नैतिकदृष्ट्या टिकत नाही.

माथेरान, महाबळेश्वर आणि पाचगणी या गिरिस्थानांच्या नगरपरिषदा प्रवेशनाक्यांवर पर्यटकांकडून कर घेत आल्या आहेत, त्यामुळे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार माथेरानची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती. परंतु पाणी, सांडपाणी, घनकचरा आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे यांची व्यवस्था मात्र सुट्ट्यांच्या दिवसांत तेथे लोटणाऱ्या गर्दीला पुरेल एवढी ठेवावी लागते. २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या या डोंगरमाथ्यावर विकासाला मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादा असाव्यात याविषयी दुमत नाही; पण त्यांच्यामुळे गावाचे स्वतःचे उत्पन्नही मर्यादित राहते, हे विसरून चालत नाही.

नगरपरिषदेच्या उत्पन्नाचे मुख्य आधार दोन : स्थानिकांकडून मिळणारी घरपट्टी व पाणीपट्टी आणि शासनाकडून येणारी अनुदाने. अनुदानांच्या वाटपात लोकसंख्येला मोठे स्थान असते. स्थानिक संस्थांसाठीची रक्कम राज्याराज्यांत वाटताना पंधराव्या वित्त आयोगाने लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला. या गणितात गावात राहणारा माणूस मोजला जातो, गावात येऊन जाणारा मोजला जात नाही. पूर्वी जकात, म्हणजे गावाच्या हद्दीत येणाऱ्या मालावरील कर, असताना पर्यटकासाठी उपाहारगृहात येणाऱ्या धान्यातून आणि किराण्यातून गावाच्या तिजोरीत काही ना काही पडत असे. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या बदल्यात अनुदान आले. पुढे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होऊन हॉटेलांवरील ऐषाराम कर त्यात विलीन झाला. आज पर्यटक खोलीच्या भाड्यावर जो कर भरतो तो केंद्र आणि राज्य यांच्यात विभागला जातो, आणि त्याने मागे ठेवलेला कचरा उचलण्याचे काम नगरपरिषदेच्या वाट्याला येते. पर्यटक-कराचे खरे समर्थन या विसंगतीत आहे.

येथे कर आणि शुल्क यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात मांडलेल्या भेदानुसार कर ही सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीने घेतलेली, विशिष्ट मोबदल्याशी न जोडलेली रक्कम होय, तर शुल्क हे दिलेल्या सेवेशी निगडित असते. पर्यटकाकडून घेतली जाणारी रक्कम कायद्याच्या भाषेत कर असली, तरी तिचा विनियोग शुल्काच्या शिस्तीने व्हावा, हे या भाषणाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

ही शिस्त का हवी, याचे उत्तर इतिहासात आहे. गोदातीरावरून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या कवींद्राचार्य सरस्वती यांनी शाहजहानकडून काशी-प्रयागचा यात्राकर रद्द करवून घेतला, तेव्हा तत्कालीन विद्वानांनी त्यांच्या गौरवार्थ रचलेल्या पद्यांचा ‘कवींद्रचंद्रोदय’ हा संग्रहच सिद्ध झाला. ईस्ट इंडिया कंपनीनेही पुरी, गया व प्रयाग येथे यात्राकर वसूल केला आणि १८४० मध्ये तो रद्द करावा लागला. श्रद्धेने पायी येणाऱ्या निर्धन माणसाकडून सत्तेने केलेली वसुली समाजाने कधीच न्याय्य मानली नाही; म्हणून पंढरीच्या वारकऱ्याला आणि हौसेने सहलीस आलेल्या पर्यटकाला एकाच मापाने मोजणारी कोणतीही योजना महाराष्ट्रात स्वीकारार्ह ठरणार नाही.

व्हेनिसचा अनुभवही बोधप्रद आहे. तेथे मुक्कामी पर्यटकांवर २०११ पासून कर आहे. एप्रिल २०२४ पासून निवडक २९ दिवशी, मुक्काम न करता परतणाऱ्यांकडून ५ युरो घेण्यास प्रारंभ झाला, आणि २०२५ मध्ये दिवसांची संख्या ५४ करून ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी १० युरोंचा दर ठरवण्यात आला. रहिवासी, नोकरीसाठी येणारे, विद्यार्थी आणि चौदा वर्षांखालील मुले यांना सूट ठेवली गेली, ही या योजनेची जमेची बाजू; परंतु एवढ्या रकमेने गर्दी लक्षणीय ओसरल्याचे दिसले नाही. यावरून निष्कर्ष असा निघतो की, अल्प कर हे गर्दी रोखण्याचे साधन नव्हे. आणि गर्दी रोखण्याइतका जबर कर लावला, तर शहर केवळ सधनांसाठी उरेल, जे देशभर मुक्त संचाराचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या भावनेशी विसंगत ठरेल. संख्येवर नियंत्रण हवे असेल, तर वाहनतळाची क्षमता, पूर्वनोंदणी आणि सार्वजनिक वाहतूक हेच सरळ मार्ग आहेत; कराने आपले काम खर्च भागवण्यापुरते मर्यादित ठेवावे.

म्हणून या परिषदेने शासनापुढे चार आग्रह ठामपणे मांडावेत. पर्यटक-कराची रक्कम नगरपरिषदेच्या सर्वसाधारण निधीत न मिसळता स्वतंत्र खात्यात ठेवली जावी. ती पाणी, स्वच्छता, आरोग्यसेवा आणि निसर्गरक्षण यांवरच खर्च व्हावी. रोज कामासाठी ये-जा करणारे मजूर, फेरीवाले, विद्यार्थी, रुग्ण आणि पायी येणारे यात्रेकरू यांना पूर्ण सूट असावी. आणि वर्षाचा जमाखर्च ज्या नाक्यावर कर घेतला जातो त्याच नाक्यावर मराठीत लावला जावा. ज्या नगरपरिषदा आज असा कर घेत आहेत, त्यांनी कायद्याची वाट न पाहता येत्या आर्थिक वर्षापासून हा हिशेब प्रसिद्ध करावा, असे त्यांच्या येथे उपस्थित असलेल्या पदाधिकाऱ्यांना या व्यासपीठावरून आवाहन आहे.