घर आधी जमिनीवर आखा, मग विटा मोजा

(ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्टीतील गावांच्या शिबिरात घरकुलाबद्दल झालेले हे बोलणे. ज्या पाड्यांत यंदा घरकुलं मंजूर झाली आहेत तिथे कुणीतरी वाचून दाखवावे.)

बायांनो, भावांनो, यंदा बऱ्याच पाड्यांत घरकुलाच्या यादीत आपली नावं लागली आहेत. ग्रामसभेत भांडून लावून घेतली आहेत. आता घर कसं मिळवायचं हे मी बोलणार नाही. मिळालेल्या पैशात घर कसं आखायचं, एवढंच बोलणार आहे. कारण मंजुरीचा कागद आला की आपल्याला वाटतं काम झालं. नुकसान मात्र तिथूनच सुरू होतं.

कसं होतं ते तुम्ही बघितलंय. मंजुरी आली की चार दिवसांत ठेकेदार येतो. म्हणतो, सही द्या, बाकी मी बघतो. जुनं घर उतरवायला लावतो. चार भिंती दाराच्या वरपर्यंत येतात आणि पैसा संपतो. मग पावसाळा प्लास्टिकच्या कागदाखाली. जुनं घर गेलं, नवं झालं नाही, आणि वर भट्टीवाल्याची उचल.

म्हणून पहिली गोष्ट नियमाची. इंदिरा आवास योजना १९८५-८६ पासून २०१६ पर्यंत होती. तिच्या नियमात तीन गोष्टी लिहिल्या होत्या, त्या पाठ करा. एक, हे घर ज्याचं त्यानं बांधायचं, ठेकेदार घालायचा नाही. दोन, घराचा नकाशा वरून ठरवून द्यायचा नाही, फक्त जोत्याचं क्षेत्र २० चौरस मीटरपेक्षा कमी नको. तीन, घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचं. म्हणजे कुणी साहेब छापील नकाशा दाखवून म्हणाला, असंच बांधा, तर त्याला विचारा, हे कुठं लिहिलंय?

पैसा किती? १ एप्रिल २०१० पासून इंदिरा आवासचा केंद्राचा आकडा सपाट भागात ४५,००० आणि डोंगरी, अवघड भागात ४८,५०० रुपये होता. तुमच्या हातात नक्की किती येणार आणि किती हप्त्यांत येणार, हे ग्रामसेवकाकडून कागदावर घ्या. तोंडी आकड्यावर पाया खणू नका.

दुसरी गोष्ट, जुनं घर पाडायची घाई करू नका. ज्यांचं घर प्लॉटवर आहे, म्हणजे वनजमिनीवर आहे, त्यांनी तर कान देऊन ऐका. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात कसण्याचा हक्क आहे तसा राहण्याचाही हक्क आहे. २००८ च्या नियमात दाव्याचे पुरावे कोणते चालतात ते सांगितलंय. त्यात घर, झोपडी, बांधबंदिस्ती हे सगळं येतं. घरपट्टीची पावतीही येते. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तुम्ही तिथे आहात हे तुमची जुनी मेढ सांगते, जुनं जोतं सांगतं, दारातलं आंब्याचं झाड सांगतं. आणि आपणच आपल्या हातानं तो पुरावा उपटून टाकतो!

तर घराला हात लावण्याआधी वनहक्क समितीला बोलवा. पंचनामा करा. घराची लांबी-रुंदी, खांब किती, कौलं किती, कधी बांधलं, सगळं लिहा. म्हाताऱ्या माणसांचा जबाब घ्या. जमलं तर फोटो काढा, माणसांसकट. जुने सागाचे खांब, वासे किती आहेत तेही त्याच पंचनाम्यात लिहा. उद्या तेच लाकूड नव्या घराला लावताना गार्ड आला आणि म्हणाला, कुठून तोडलं, तर कागद पुढे करा. बांबू कायद्यानं गौण वनोपज आहे. साग तसा नाही. म्हणून जुनं लाकूड सोन्यासारखं जपा. आणि दावा पूर्ण तपासून होईपर्यंत तिथून कुणी हटवू शकत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

आता आखणी. २० चौरस मीटर म्हणजे साधारण २१५ चौरस फूट. आपल्या मापात सांगतो. बारा हात लांब, आठ हात रुंद. पण नऊ इंची विटेची भिंत अर्धा हात जागा खाते. दोन्ही बाजूंची मिळून एक हात. म्हणजे आत उरतं अकरा हात बाय सात हात. बाहेरून शहाण्णव चौरस हात, आतून सत्त्याहत्तर. पाचवा हिस्सा भिंतीतच गेला. कुडाचं घर असं जागा खात नाही. म्हणून आतमध्ये विटेची भिंत घालू नका. आतली आडभिंत कुडाची करा, कारवी लावून शेणमातीनं लिंपा. पैसा वाचतो, जागा वाचते. आणि लग्नाचा चौक लिहायला तीच भिंत लागते. गेरूवर तांदळाचं पीठ शेणमातीच्या भिंतीवर जसं बसतं तसं सिमेंटवर बसत नाही. नव्या घरात चौकाला भिंत नाही म्हणून लग्न शेजारच्याच्या घरात काढायची पाळी येऊ नये.

लांबट घर करू नका. सोळा हात बाय सहा हात घेतलं तरी क्षेत्र तेवढंच, शहाण्णव. पण भिंतीचा फेरा चाळीस हातांचा चव्वेचाळीस होतो. चार हात भिंत जास्त, म्हणजे सहा फूट. नऊ फूट उंची धरली तर ५४ चौरस फुटांची भिंत फुकट वाढली. खोली मात्र वाढली नाही.

आखायचं कसं? कागद-पेन्सिल नको. सुतळी घ्या, खुंट्या घ्या, चुलीतली राख घ्या. कोपरा काटकोनात यावा म्हणून दोरीला गाठी मारा. एका बाजूला तीन हात, दुसऱ्या बाजूला चार हात, आणि तिरपं अंतर पाच हात आलं की कोपरा बरोबर. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर आखणी सरळ. राखेची रेघ ओढा आणि मग घरातल्या बायांना आत उभं करा. चूल कुठं? पाण्याचे हंडे कुठं? उखळ कुठं? कणगी कुठं, ती दारातून आत जाईल का? म्हातारी कुठं निजणार? बाळंतीण कुठं राहणार? राख पुसून परत ओढायला पैसा लागत नाही. भिंत पाडायला लागतो.

दिशा बघा. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येते. आढं उत्तर-दक्षिण घ्या. पश्चिमेला लांब भिंत, तिला दार नको, पाखं खाली उतरवा आणि वळचण दोन फूट बाहेर काढा. दार पूर्वेला. पूर्वेलाच अख्ख्या लांबीची पडवी काढा, चार हात रुंद. ती जुन्या घराच्या खांबांवर, जुन्या कौलांवर होते. बारा चोक अठ्ठेचाळीस हात जागा वाढली आणि विटा एकही लागली नाही. भिंत नऊ फुटांपेक्षा बुटकी करू नका, नाहीतर पडवीचा उतार बसत नाही. चूल पडवीच्या एका टोकाला ठेवा, कूड घालून आडोसा करा. विटांच्या बंद खोलीत चूल घातली की धूर बाईच्या डोळ्यांत आणि लेकरांच्या छातीत जातो. इंदिरा आवासच्या घरकुलात बिनधुराची चूल आणि संडास धरलेले होते, ते सोडू नका. संडास विहिरीपासून निदान ५० फूट लांब, उताराच्या खालच्या अंगाला.

आतली आडभिंत अशी घाला की एका बाजूला सात हात राहील, दुसऱ्या बाजूला चार हात. मोठ्या भागात राहणं-निजणं, लहान भागात धान्य. कणगी भिंतीला चिकटवू नका, खाली फळी द्या. सिमेंटच्या भिंतीला पावसाळ्यात ओल सुटते. गुरांचा गोठा वेगळाच बरा.

आणि पोरगं मोठं होणार, त्याचं लग्न होणार. पुढची खोली उत्तरेला किंवा दक्षिणेला, आढ्याच्या रेषेत वाढते. ती बाजू आत्ताच मोकळी ठेवा, तिथे झाड नको, संडास नको. गवंड्याला सांगा, त्या भिंतीत दाराची पट्टी टाकून ठेव आणि कोपऱ्याला विटांचे दात सोड. मग दहा वर्षांनी भिंत फोडावी लागणार नाही. सरकारचं कमीत कमी माप म्हणजे घराची सुरुवात समजा. आज बांधायचं तेवढंच, पण आखणी पूर्ण घराची करा.

आता पैसा. गवंड्याला एकच आकडा सांगू देऊ नका. चार आकडे मागा: पाया-जोतं, भिंती, छप्पर, दारं-खिडक्या. चारही वेगळे लिहा, बेरीज करा. हातात येणाऱ्या पैशापेक्षा जास्त झाली तर काय कमी करायचं? सिमेंटची फरशी कमी करा, शेणाची जमीन चालते. बाहेरचा गिलावा पुढच्या वर्षी करा. स्लॅबचं नाव काढू नका, या पैशात स्लॅब होत नाही. कमी करायचं नाही ते दोन ठिकाणी, जोतं आणि छप्पर. जोतं दीड-दोन फूट वर पाहिजे. कौलांना उतार पाहिजे, सहा फुटाला साडेतीन फूट चढ. आणि छपराचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढा. हप्ते उशिरा येतात. भिंती अर्ध्या राहिल्या तर ताडपत्री घालता येते. पण छपराचा पैसा भिंतीत गेला की पावसाळा उघड्यावर जातो.

तरी कमी पडलं तर? इंदिरा आवासच्या घरकुलवाल्याला बँकेतून २०,००० रुपयांपर्यंत कर्ज चार टक्के व्याजानं मिळायची तरतूद होती. बँक टाळाटाळ करेल, म्हणून पाच-दहा जणांनी मिळून जा. पण घरासाठी भट्टीवाल्याची उचल घेऊ नका. उचलीनं घर उभं राहतं आणि घरातली माणसं पुढचे हंगाम भट्टीवर बांधली जातात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, ती आपल्याच नव्या घराच्या दारातून परत आत घ्यायची का?

एक अडचण मोठी आहे. दिवाळीनंतर आपण भट्टीवर जातो आणि बांधकामाचे महिने तेच. आपण दुसऱ्याच्या विटा पाडतो आणि आपलं घर ठेकेदार बांधतो. यावर उपाय सावडीचा. एका पाड्यातल्या पाच घरकुलांनी एकत्र यावं. प्रत्येक घरचं एक धड माणूस मागे राहील. आधी पाचही जोती, मग पाचही भिंती, मग छपरं. रेती, विटा, कौलं एकत्र आणा, गाडीभाडं वाटून घ्या. भात झोडून झालं की पाया खणायला घ्या, होळीच्या आत भिंती झाल्या पाहिजेत, पहिल्या पावसाच्या महिनाभर आधी कौलं चढली पाहिजेत. नव्या घरावर कौलं चढेपर्यंत जुन्या घराचं राहतं छप्पर उतरवायचं नाही. पडवीला लागणारं जुनं सामान शेवटी काढा. म्हणून नव्या घराची जागा जुन्याच्या बाजूला धरा, जुन्याच्या जोत्यावर नको. जुनं जोतं तसंच राहू द्या. तो तुमचा साक्षीदार आहे.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्यानं तीन कामं करायची. घरकुलाची रक्कम आणि हप्ते लेखी मागायचे. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावल्याचा ठराव घ्यायचा, जसा वनपट्टा दोघांच्या नावावर असतो तसा. आणि ज्या घराला हात लागणार त्याचा पंचनामा आधी करायचा. हे झाल्यावर सुतळी आणि राख घेऊन बाहेर या.

जिंदाबाद!