इंग्लंडमधील ख्रिस्ती धर्म : ओहोटी आणि भरती
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बौद्धांच्या संस्थेत ख्रिस्ती धर्मावर बोलण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन एवढेच की, धर्म कशाने क्षीण होतो हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या माणसाला पडायला हवा, आणि इंग्लंडमध्ये त्याचे उत्तर आकड्यांनिशी मिळते. माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला आकड्यांचा मोह पडणारच.

इंग्लंड व वेल्स यांच्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ७२ टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती असा लिहिला. २०११ साली हे प्रमाण ५९ टक्के झाले आणि २०२१ साली ४६ टक्के. म्हणजे निम्म्याच्याही खाली. 'कोणताही धर्म नाही' असे लिहिणारे याच वीस वर्षांत १५ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले. आणि हे झाले कागदावरचे ख्रिस्ती! ज्या चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख खुद्द राजा असतो, त्याच्या उपासनेला नियमित जाणारे सुमारे १० लाखच भरतात. ब्रिस्टल शहरातल्या सेंट वेरबर्ग चर्चच्या इमारतीत तर आज तरुण मंडळी दोराला लोंबकळून भिंत चढण्याचा सराव करतात.

हे कशामुळे झाले? सर्वसाधारणपणे उत्तर मिळते की, विज्ञानामुळे. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली आला आणि बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीची कथा डळमळली. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना मॅथ्यू अर्नोल्डची 'डोव्हर बीच' ही १८६७ साली प्रसिद्ध झालेली कविता माहीत असेल. तिच्यात श्रद्धेच्या ओसरण्याला समुद्राच्या ओहोटीची उपमा आहे. सुशिक्षितांपुरते हे उत्तर खरे आहे. पण मला ते अपुरे वाटते, आणि तसे वाटण्याचे कारण एका जुन्या सरकारी अहवालात आहे.

रविवार, ३० मार्च १८५१ रोजी ब्रिटिश सरकारने चर्चमध्ये किती माणसे आली याची मोजणी केली. होरेस मान या अधिकाऱ्याने तिचा अहवाल लिहिला. जाऊ शकत असूनही त्या दिवशी न गेलेल्यांची संख्या त्याने ५२ लाखांच्या वर काढली. यांत मोठा भरणा शहरांतल्या कामकरी वर्गाचा होता. लक्षात घ्या, डार्विनचा ग्रंथ यायला अजून आठ वर्षे होती! गिरणीतल्या मजुराने काही विज्ञान वाचून चर्च सोडले नव्हते.

मग का सोडले? मानने जी कारणे दिली त्यांत एक कारण बाकांचे आहे. त्या काळी चर्चमधील बाक भाड्याने मिळत. आमच्या बँकेत लॉकरचे वार्षिक भाडे असते, तसेच हे. पैसेवाल्या कुटुंबाचा बाक पुढे, क्वचित त्याला दार आणि कडीही असे. भाडे न देऊ शकणाऱ्यांसाठी फुकटच्या जागा असत, त्या बहुधा मागे किंवा कडेला. आठवडाभर मालकापुढे मान खाली घालून राबणाऱ्याने रविवारी देवाच्या घरीही त्याच मालकाच्या पाठीकडे पाहत बसायचे! माणसे तोंडाने काही न बोलता उठून गेली. आपल्याकडे दक्षिणेतल्या काही चर्चमध्ये दलित ख्रिस्ती बांधवांना वेगळे बसवले गेले, स्मशानातही मध्ये भिंत घातली गेली. धर्मांतरानंतरही उरणाऱ्या या जातीबद्दल बाबासाहेबांनी लिहिले आहे. विद्यार्थ्यांनी ते त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात जरूर वाचावे.

ही चूक ओळखणारेही त्याच समाजात निघाले. विल्यम बूथने १८६५ साली पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केले. त्यातून १८७८ मध्ये 'साल्व्हेशन आर्मी', म्हणजे मुक्तिफौज, उभी राहिली. सॅम्युएल बार्नेट या धर्मगुरूने १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल काढून विद्यापीठातल्या तरुणांना गरिबांच्या शेजारी राहायला आणले. पण मुख्य चर्चची बैठक फारशी बदलली नाही.

पुढे आणखी दोन प्रसंगी तेच घडले. १९४८ साली 'विंडरश' जहाजातून वेस्ट इंडीजमधली कृष्णवर्णीय माणसे कामासाठी इंग्लंडला आली. पुढेही हजारोंनी येत राहिली. त्यांपैकी पुष्कळजण गावी याच चर्चचे सभासद होते. येथे मात्र कित्येकांना 'पुन्हा येऊ नका' असे सुचवण्यात आले. त्यांनी घरांत, भाड्याच्या हॉलमध्ये आपली प्रार्थना सुरू केली. न्यू टेस्टामेंट चर्च ऑफ गॉड १९५३ मध्ये अशीच उभी राहिली. चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मसभेने या वागणुकीबद्दल माफी मागितली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. बहात्तर वर्षांनी!

दुसरा प्रसंग स्त्रियांचा. कॅलम ब्राउन या इतिहासकाराने २००१ मधील आपल्या पुस्तकात म्हटले आहे की, ब्रिटनमध्ये धर्म घराघरांत टिकवून धरला होता तो स्त्रियांनी, आणि १९६० नंतरच्या दशकात त्यांनीच तो सोडला तेव्हा खरी घसरण झाली. हे मला पटते. मुलांना रविवारी कपडे घालून कोण पाठवत होते? पण स्त्रीला धर्मगुरू होण्याचा मार्ग १९९२ च्या मतदानाने मोकळा झाला, पहिल्या स्त्रियांना दीक्षा मिळाली १९९४ मध्ये आणि पहिली स्त्री बिशप झाली २०१५ मध्ये.

आता पुनरुज्जीवनाविषयी. २०२५ साली एका पाहणीने असा दावा केला की, तरुण मुले पुन्हा चर्चकडे वळत आहेत. तो पुष्कळ गाजला, पण जाणकार अभ्यासकांनी त्यावर गंभीर शंका घेतल्या. चर्चचे स्वतःचे आकडे कोविडनंतर थोडे वर आले असले तरी २०१९ च्या पातळीला २०२४ मध्येही पोहोचले नव्हते. शिल्लक थोडी वाढली म्हणून कोणी खाते सुधारले असे म्हणत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला. कोवळ्या मुलांना अमानुष मारहाण करणाऱ्या माणसाच्या कृत्यांवर चर्चमध्ये वर्षानुवर्षे पांघरूण घातले गेले होते. अशा ठिकाणी तरुण विश्वासाने येतील, अशी अपेक्षा तरी कशी करावी?

तरीही जिवंतपणा कोठे दिसतो, असे विचाराल तर मी तीन ठिकाणी बोट दाखवीन. २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी प्रथमच एका स्त्रीची, सारा मुलाली यांची, निवड जाहीर झाली. त्या पूर्वी परिचारिका होत्या, इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारीही होत्या. दुसरे, गरिबांना शिधा देणाऱ्या 'फूड बँका'. सॅलिसबरी येथे २००० साली सुरू झालेल्या एका केंद्रापासून त्यांचे मोठे जाळे पसरले, आणि त्यांतल्या अनेक चर्चच्याच खोल्यांत चालतात. रांगेतल्या माणसाला तेथे पंथ विचारत नाहीत. आणि तिसरे, लंडनमधल्या कृष्णवर्णीयांच्या मंडळ्या. रविवारी दुपारी त्यांचे हॉल गच्च भरलेले असतात. काही ठिकाणी तर जुने चर्च आपली रिकामी इमारत याच मंडळ्यांना भाड्याने देते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्ष महोदयांनी पुढे सरकवली आहे. विद्यार्थ्यांचे प्रश्न असतील तर ते आधी घेऊ. जयभीम!