मेंदूची मोजपट्टी कुणाच्या डोक्यावरून?

(मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या आग्रहावरून.)



मेंदूच्या संशोधनात एमआरआय यंत्राचं कौतुक फार होतं, पण खरं काम त्यानंतर कम्प्युटरवर चालतं. प्रत्येकाच्या डोक्याचा आकार वेगळा. शंभर माणसांची तुलना करायची तर शंभर मेंदू एका ठरलेल्या साच्यावर ताणून-दाबून बसवावे लागतात. हे बसवण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. हा साचा कुणाच्या डोक्यावरून घेतला, हा आजचा माझा विषय.

१९८८ साली तालेराख आणि तूर्नू या दोघांचा नकाशा प्रसिद्ध झाला आणि बरीच वर्षं प्रमाण मानला गेला. तो साठ वर्षांच्या एका फ्रेंच बाईच्या मृत्यूनंतर अभ्यासलेल्या मेंदूवर बेतलेला होता. एका! पुढे कॅनडात माँट्रियलच्या संस्थेने १५२ निरोगी तरुणांच्या स्कॅनची सरासरी काढली. लंडनचं एसपीएम, ऑक्सफर्डचं एफएसएल ही जगभर वापरली जाणारी सॉफ्टवेअर्स आजही मुख्यतः त्याच घराण्यातले साचे वापरतात. संशोधकांना ती फुकट मिळतात. त्या माँट्रियलकरांनी आपलं काम कुलपात ठेवलं असतं, तर आमच्यासारख्यांना काहीच करता आलं नसतं.

पण त्या १५२ जणांत आपण नव्हतो. हैदराबादच्या आयआयआयटीत जयंती शिवस्वामी आणि सहकाऱ्यांनी १०० भारतीय तरुण-तरुणींच्या स्कॅनवरून नकाशा तयार केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय मेंदू आकाराने सरासरीने थोडा लहान आढळला. (मेंदूच्या आकारावरून कुठल्या समाजाची बुद्धी मोजायचा उद्योग एकोणिसाव्या शतकात भरपूर झाला आणि तो भ्रामक ठरला. तेव्हा त्यावरून व्हॉट्सॲपवर विनोद फिरवू नयेत.) बंगळूरच्या निम्हान्सच्या गटाने २०२० मध्ये ६ ते ६० वयाच्या ४६६ भारतीयांवरून वयानुसार पाच साचे केले आणि ते सर्वांना खुले केले.

यानं काय बिघडतं? उतारवयात स्मरणशक्ती गेली की स्कॅनमध्ये मेंदूचा अमुक भाग आक्रसला का, ते पाहतात. आक्रसला म्हणजे कुणाच्या तुलनेत? मोजपट्टी परक्या डोक्यावरची असेल तर सांगलीच्या आजींचा निरोगी मेंदूही आजारी भासू शकतो, किंवा उलटही. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील आज त्या वयात आहेत.

साचा हा एक भाग झाला. सॉफ्टवेअर चुकतं तेव्हा काय होतं, तेही ऐका. स्वीडनचा आंदेर्स एक्लुंड आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक साधी परीक्षा घेतली. ४९९ निरोगी माणसं नुसती पडून असताना घेतलेले स्कॅन त्यांनी उचलले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले आणि गटांत फरक आहे का ते सॉफ्टवेअरला विचारलं. फरक असायचं कारणच नव्हतं. शंभरात पाच वेळा चुकून फरक दिसावा अशी अपेक्षा. काही पद्धतींत तो सत्तर वेळांपर्यंत दिसला! एएफएनआय या सॉफ्टवेअरमध्ये तर पंधरा वर्षांची एक चूक सापडली. वर्तमानपत्रांनी 'चाळीस हजार शोधनिबंध बाद' अशी हाकाटी केली. तो आकडा लेखकांनी स्वतःच नंतर दुरुस्त केला. पण ही तपासणी शक्य झाली, कारण ते ४९९ स्कॅन कुणीतरी इंटरनेटवर खुले ठेवले होते.

शास्त्रज्ञ आपला डेटा सहजी देत नाहीत. २००० च्या सुमारास अमेरिकेत डार्टमथला असा एक संग्रह सुरू झाला, एका नियतकालिकाने लेखकांना डेटा जमा करायची अट घातली, तेव्हा संशोधकांनी मोठा गिल्ला केला. मला यात शास्त्रापेक्षा सातबाऱ्याची भांडणं जास्त दिसतात. स्कॅन ज्याच्या डोक्याचा, त्याचं नाव त्या उताऱ्यावर कुठेच नसतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे तयार केले, आणि चेहरा ओळखणाऱ्या साध्या बाजारी सॉफ्टवेअरने त्यातले ८३ टक्के बरोबर ओळखले. नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. म्हणून खुल्या संग्रहात टाकण्याआधी स्कॅनमधला चेहऱ्याचा भाग काढतात, आणि तो काढलाच पाहिजे.

आता कुवेतचं. इथल्या लोकसंख्येत दोन तृतीयांशांहून जास्त परदेशी, त्यात सर्वात मोठा समूह आपला. एकाच वॉर्डात मल्याळी, इजिप्शियन, फिलिपिनो आणि कुवेती पेशंट असतात. यांचा 'सरासरी मेंदू' काढायचा कसा? इथे काढलेल्या एमआरआयची सीडी सांगलीच्या डॉक्टरांकडे उघडते, कारण यंत्र बनवणाऱ्यांनी डायकॉम नावाची एकच पद्धत मान्य केली. संशोधनाच्या डेटाला अशी सर्वमान्य मांडणी, बिड्स, यायला २०१६ उजाडलं.

तेव्हा कुणी संशोधनासाठी स्कॅन मागितला तर सरसकट नाही म्हणू नका, आणि वाचल्याशिवाय सहीही करू नका. डेटा देशाबाहेर जाणार का, चेहरा काढणार का, पुढे एखादी कंपनी तो विकत घेऊ शकते का, आणि संमती मागे घेता येते का, हे विचारा. महाराष्ट्रात देहदानाचा अर्ज भरणाऱ्या कुटुंबांना अशा चौकशीची सवय आहे.

आपल्यातले बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. वेगवेगळी पॅकेजेस जोडणाऱ्या नायपाइपचा कोड खुला आहे, आणि ओपनन्यूरोवर कुणालाही स्कॅन उतरवून घेता येतात. मी लॅपटॉपवर थोडे आणले आहेत. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी चहाच्या वेळी मागच्या टेबलापाशी यावं.