फिरत्या घराची छत्री



आज मी बोलणार आहे टीव्हीच्या छत्रीबद्दल. छत्री म्हणजे ती पत्र्यावर, गच्चीवर किंवा खिडकीच्या ग्रिलला लावलेली डिश. पक्क्या घरावर ती एकदा बसवली की वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी बघत नाही. पण घरच फिरतं असेल तर? संसार गाडीत असेल, नाहीतर दर हंगामाला नव्या रानात कोपी उभी राहत असेल, तर छत्री कुठे बसवायची, कशी बसवायची, आणि कुणाची वाट न बघता आपली आपण कशी बसवायची, एवढंच आज सांगायचं आहे.

मी मुंबईच्या उपनगरात, अंधेरीला राहते. आमच्या घरात डिश बसवायचाच धंदा आहे आणि त्यातलं निम्मं काम मी करते. चाळीच्या पत्र्यावर चढते, इमारतीच्या गच्चीवर जाते. आमच्या भागात आणखी एका प्रकारचं काम येतं, ते म्हणजे गाड्यांचं. गोरेगावला १९७७ साली उभी राहिलेली चित्रनगरी आहे. तिथे शूटिंगला मोठमोठ्या व्हॅनिटी व्हॅन येतात. आतमध्ये आरसा, पलंग, संडास-बाथरूम, टीव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच. अलीकडे राहण्याच्या सोयीच्या गाड्या घेऊन फिरायला जाणारी कुटुंबंही वाढली आहेत. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते अशाच गाड्यांसाठी.

तुम्ही म्हणाल, त्या गाड्यांशी आपल्याला काय करायचं? सांगते. माझं माहेर बीड जिल्ह्यातलं. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, धान्य, शेरडं, पोरं, आणि हल्ली त्या सामानात एक टीव्ही आणि एक छत्रीही असते. शूटिंगची गाडी असो की ऊसतोडीची कोपी, आज इथे आणि उद्या तिथे. दोघींची अडचण एकच आणि तिचा इलाजही एकच.

आधी छत्री बघते तरी कुठे, ते समजून घेऊ. वर आकाशात, विषुववृत्ताच्या डोक्यावर, जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह असतो. तो पृथ्वीभोवती फिरतो, पण पृथ्वी स्वतःभोवती जेवढ्या वेळात फिरते तेवढ्याच वेळात त्याची फेरी होते. फुगडी आठवा. आपण गरगर फिरत असतो, सगळं अंगण फिरत असतं, पण समोरची मैत्रीण मात्र समोरच असते. उपग्रहाचं तसंच आहे. तो आपल्याला कायम एकाच जागी असतो, रात्री, दिवसा, बाराही महिने. म्हणून छत्रीचं तोंड एकदा त्याच्याकडे लागलं की काम झालं.

आता गाडीचं बघा. छत्री टपावर घट्ट बसवली आणि गाडीने वळण घेतलं, की छत्रीनेही वळण घेतलं. उपग्रह राहिला आपल्या जागी आणि आपली छत्री बघतेय भलतीकडेच. शिवाय हे काम फार नाजूक असतं. घरच्या साध्या छत्रीची रुंदी साधारण ६० सेंटीमीटर. तिची कड नुसती एक सेंटीमीटर हलली तरी तोंड जवळजवळ दोन अंशांनी फिरतं. दोन अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तिकडे उपग्रहाच्या उंचीवर तो फरक हजार किलोमीटरच्याही वर जातो. चित्र जायला तेवढं पुरतं.

म्हणून चालत्या गाडीत साध्या छत्रीवर टीव्ही दिसत नाही. आपोआप फिरून उपग्रह धरून ठेवणारी यंत्रं असतात, जहाजांवर असतात, पण ती फार महाग. बातम्यांच्या वाहिन्यांच्या गाड्यांवर मोठी छत्री दिसते, तीसुद्धा बहुतेक वेळा गाडी थांबल्यावरच उघडतात. तेव्हा पहिली गोष्ट पक्की करा. फिरत्या घरात टीव्ही मुक्कामाला बघायचा आणि मुक्काम बदलला की छत्री नव्याने लावायची. ती लावायला आपल्याला यायला हवी, नाहीतर प्रत्येक मुक्कामाला फिटरचे पैसे.

दुसरी गोष्ट. गाडीवाले आमच्याकडे येतात ते टपावर भोकं पाडून छत्री बसवून द्या म्हणत. मी त्यांना आधी विचारते, खरंच टपावर हवी का? गाडी स्प्रिंगवर उभी असते. आत एक माणूस इकडून तिकडे चाललं तरी गाडी डुलते, टप डुलतो, आणि चित्राचे तुकडे होतात. शिवाय टपाला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पावसाळ्यात गळतीला आमंत्रण. उघडी छत्री घेऊन गाडी पळाली तर वारा तिला उपटायला बघतो, झाडाच्या फांदीला अडकते ते वेगळंच. आणि गाडीच्या मूळ बांधणीत मनाने बदल करायला मोटार वाहन कायदा परवानगी देत नाही, त्यामुळे टपावर काही कायमचं बसवण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं. म्हणून माझा सल्ला एकच असतो. छत्री सुट्टी ठेवा, लोखंडी स्टँडवर, जमिनीवर. गाडी सावलीत उभी राहू दे आणि छत्री दहा-पंधरा मीटर लांब, मोकळ्यावर. प्रवासात ती आत ठेवून द्यायची.

तरीही टपावरच हवी असेल तर नुसत्या पत्र्यात बोल्ट मारू नका, पत्र्याखालच्या लोखंडी चौकटीत घ्या. प्रत्येक बोल्टखाली रबरी वॉशर आणि वरून सिलिकॉन लावा. वायर आत घेताना भोकाच्या आधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या टोकावरून गळून जातं, वायरीवरून आत येत नाही. आणि निघण्याआधी छत्री आडवी करून बांधायची, हे रोजचं.

आता लावायचं कसं ते नीट ऐका. मी डीडी फ्री डिशचंच सांगते. ती २००४ मध्ये सुरू झाली, तिला महिन्याचं रिचार्ज नाही, छत्री आणि सेटटॉप बॉक्सचा एकदाच खर्च. आपली सह्याद्री वाहिनी तिच्यावर आहे, शाळेच्या इयत्तांचे धडे दाखवणाऱ्या पीएम ई-विद्या वाहिन्याही आहेत. तिचा उपग्रह जीसॅट-१५, तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला. खासगी कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी असतात, त्यामुळे पुढचे आकडे फक्त फ्री डिशचे आहेत.

पहिलं काम, दिशा. महाराष्ट्रातून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधोमध. मोबाइलमध्ये होकायंत्र असेल तर मुंबईत १३० अंशांच्या आसपास, आणि गडचिरोलीकडे गेलात तर १४५ पर्यंत. होकायंत्र गाडीच्या पत्र्याजवळ किंवा लोखंडी स्टँडजवळ धरू नका, लोखंडाजवळ ते खोटं बोलतं. चार पावलं लांब जा. मोबाइल नसेल तरी अडत नाही. हिवाळ्यात, सकाळी दहाच्या सुमारास जमिनीत एक काठी सरळ उभी करा. तिची सावली जिकडे पडते त्याच्या बरोबर उलट दिशेला साधारण आपला उपग्रह. ऊसतोडीचा हंगामही हिवाळ्यातच असतो, त्यामुळे ही खूण कामाला येते.

दुसरं, आकाश मोकळं आहे ना ते बघा. उपग्रह सूर्यापेक्षा बराच वर असतो. मुंबईत ५७ अंश, पूर्वेकडे जाल तसा ६०-६२ अंश. म्हणजे मान चांगली वर करून बघायचं. त्या रेषेत झाडाची फांदी आली की चित्र गेलं, ओल्या पानांनी तर हमखास जातं. गोरेगावच्या चित्रनगरीत झाडी दाट आहे, तिथे आमचा निम्मा वेळ छत्रीला मोकळी जागा शोधण्यात जातो. उलट बोरिवलीत पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर असूनही अडचण येत नाही, कारण उपग्रह डोंगराच्या कितीतरी वर असतो.

तिसरं, खांब सरळ हवा. स्टँडचा पाइप जरा कलला असेल तर छत्रीवरचे आकडे फसवतात. दोरीला दगड बांधून ओळंबा करा आणि पाइप दोन बाजूंनी तपासा. पायांवर दगड किंवा मातीची पोती ठेवा, शेळीने अंग घासलं तरी हलता कामा नये.

चौथं, उंची. छत्रीच्या मागे पट्टीवर आकडे असतात, तिथे ६० च्या आसपास बोल्ट अडकवा, पूर्ण आवळू नका. छत्री बघून तुम्हाला वाटेल, ही तर समोर बघतेय, वर कुठे? घाबरू नका. तिचा आकारच असा असतो की दिसते त्यापेक्षा ती वर बघते. म्हणून डोळ्यावर जाऊ नका, पट्टीवर जा.

पाचवं, शोध. हे काम दोघींचं. एकीने छत्रीपाशी, दुसरीने टीव्हीपाशी. सेटटॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन पट्टे दिसतात, एक स्ट्रेंग्थचा आणि एक क्वालिटीचा. स्ट्रेंग्थ बघून फसू नका, वायर जोडली की तो पट्टा भरतो. खरा पट्टा क्वालिटीचा. छत्री डावी-उजवी अगदी बोटभर, बोटभर सरकवा आणि प्रत्येक वेळी थांबा, कारण बॉक्सला दाखवायला दोन-तीन क्षण लागतात. मिळालं नाही तर उंची एक अंश बदला आणि पुन्हा डावीकडून उजवीकडे या. क्वालिटी आली की पुढे लावलेली एलएनबी तिच्या कड्यात हळूच फिरवून बघा, आणखी वाढते. मग एकेक बोल्ट थोडा थोडा आवळा. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला की छत्री ओढली जाते आणि केलेलं काम वाया जातं.

माझी वहिनी गेल्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात तोडीला होती. तिथला फिटर एका खेपेचे पाचशे रुपये मागत होता, आणि टोळीचा तळ हंगामात दोनदा हलला. वहिनीने फोन केला, “वन्सं, पाचशे रुपयाला किती ऊस तोडावा लागतो ते मला विचारा. तुम्ही तोंडाने सांगा, मी हाताने करते.” भाची पाचवीत आहे. ती कोपीत बसून पट्टा वाचत होती आणि बाहेर ओरडून सांगत होती, “आई, थांब, वीस! साठ! आता हलवू नको!” पाऊण तास लागला. पुढच्या तळावर वहिनीने फोनही केला नाही. तिथे वहिनीने आपली लावलीच, शेजारच्या दोन कोप्यांच्याही लावून दिल्या. टीव्हीने शाळा भरून निघत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण पोर संध्याकाळी इयत्तेचा एखादा धडा तरी बघते, आणि गावाकडे पाऊस पडला की नाही ते सगळ्यांना कळतं.

आता काळजीच्या गोष्टी, या विसरू नका. वरून विजेची तार जात असेल तिथे पाइप उभा करू नका, उचलतानाही नको. ओला माणूस आणि लोखंडी पाइप तारेला लागला तर वेळच मिळत नाही. आमच्या उपनगरात रुळांच्या कडेला वस्त्या आहेत, आणि लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. ती तार जवळ आली तरी पुरते, शिवावी लागत नाही. गाडीच्या टपावर चढायचं असेल तर शिडी कुणीतरी धरलेली हवी, पदर खोचलेला हवा, पाय कोरडे हवेत आणि गाडीच्या चाकांना दगड लावलेले हवेत. ढग गडगडायला लागले की बॉक्सची वायर काढून ठेवा आणि छत्रीपासून लांब राहा. जोराच्या पावसात चित्र गेलं तर छत्रीला हात लावू नका, पाऊस ओसरला की ते आपोआप येतं. त्या वेळी भिजत जाऊन छत्री फिरवणाऱ्यांना नंतर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

शेवटी गटातल्या मैत्रिणींसाठी एक सुचवते. प्रत्येकीने अवजारं घ्यायची गरज नाही. गटाची म्हणून एक पिशवी करा. तिच्यात छत्रीच्या बोल्टांना बसणारे दोन पाने, एक पक्कड, ओळंब्याची दोरी, चिकटपट्टी, वायरीच्या टोकाला लावायच्या चार पिना, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: आग्नेय दिशा, उंची ६०, क्वालिटी बघ. हंगामाला निघण्याआधी गावातच, अंगणात, छत्री दोनदा उतरवून दोनदा लावा. पहिल्यांदा तास लागेल, दुसऱ्यांदा अर्धा. जिला येतं तिने दुसरीला शिकवायचं आणि पिशवी जी टोळी आधी निघेल तिच्याबरोबर द्यायची.

एवढंच सांगायचं होतं. काठीची सावली उद्या सकाळी दहाला बघून घ्या, आभाळ मोकळं असेल तर. नमस्कार.