तिसऱ्या घंटेनंतरची भूमिका



बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातल्या माणसाला व्यावसायिक नाटक पाहायचं असलं, की तो बहुधा लोकल पकडून कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिराकडे नाहीतर डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिराकडे निघतो. तिकीट, प्रवास आणि रात्रीचा परतीचा उशीर, हे सगळं तो सोसतो. चित्रपट मात्र त्याच्या खिशातल्या फोनवर असतो. मग पडद्यावर एकदा पाहिलेली भूमिका त्याच नटाने रंगमंचावर केली, तर ती पाहायला त्याने एवढा खटाटोप का करावा? आजच्या भाषणासाठी मी हाच प्रश्न निवडला आहे. पडद्यावरची भूमिका रंगमंचावर आणणं ही पुनरावृत्ती नाही, ती त्या भूमिकेची खरी कसोटी आहे. नटाने आणि निर्मात्याने ती कसोटी म्हणूनच स्वीकारली, तर प्रेक्षकाचा खटाटोप सार्थकी लागतो, असं माझं मत आहे.

आपल्याकडे हा प्रवास बहुतेक वेळा उलट दिशेने झाला. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे सुलभा देशपांडे यांनी आधी रंगमंचावर उभी केली आणि 1971च्या चित्रपटात पडद्यावर नेली. पडद्याकडून रंगमंचाकडे येण्याचं आपल्या जवळचं उदाहरण सुबोध भावे यांचं आहे. नोव्हेंबर 2018मध्ये रंगभूमीवरचे नट घाणेकर यांच्यावरचा ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा चित्रपट आला आणि त्यात भावे घाणेकर झाले. नाटकाच्या श्रेयनामावलीत सगळ्यांत शेवटी, ‘आणि’ म्हणून क्षणभर थांबून घाणेकरांचं नाव पुकारलं जाई. चित्रपटाचं नाव त्या थांबण्यातूनच आलं. पुढच्याच वर्षी वसंत कानेटकरांचं ‘अश्रूंची झाली फुले’ पुन्हा रंगमंचावर आलं आणि 1966च्या मूळ नाटकात घाणेकरांनी गाजवलेला लाल्या भावे यांनी साकारला. काटेकोरपणे पाहिलं, तर चित्रपटात त्यांची भूमिका घाणेकरांची होती. लाल्या त्या भूमिकेच्या पोटात होता. म्हणूनच हे उदाहरण बोलकं आहे.

चित्रपटातला लाल्या तुकड्यांत भेटतो. एक प्रवेश, एक संवाद, टाळ्या-शिट्ट्यांचा एक कडकडाट, आणि कॅमेरा पुन्हा घाणेकरांच्या आयुष्याकडे वळतो. नाटकात ही सोय नाही. तिथे उनाड, बेदरकार विद्यार्थी म्हणून आलेला लाल्या पुढे पोलीस अधिकारी होतो, आणि आदर्शवादी प्राध्यापक विद्यानंद तुरुंगातून बाहेर येतात ते सूडाने पेटून. गुरू-शिष्यांच्या जागांची ही अदलाबदल प्रेक्षकाला पटायची, तर सुरुवातीची बेफिकिरी आणि शेवटचं कर्तव्याचं ओझं एकाच शरीरात, एकाच संध्याकाळी दिसावं लागतं. पडद्यावर डोळ्यांतली नुसती हालचाल क्लोजअपमुळे पोचते. रंगमंचावर तीच बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत न्यायची, तर खांदा, पाऊल, आवाज आणि विराम सगळ्यांनाच कामाला लावावं लागतं. पडद्यावर फसलेला विराम संकलक सावरू शकतो. तिसरी घंटा झाल्यावर सावरणारं कोणी नसतं.

ही कसोटी वयालाही जुमानत नाही, हे जगाच्या रंगभूमीवर दिसलं आहे. 1964च्या ‘झोर्बा द ग्रीक’ या चित्रपटातल्या मादाम ऑर्तान्ससाठी लिला केद्रोव्हा यांना ऑस्कर मिळालं. जवळजवळ दोन दशकांनी ब्रॉडवेवरच्या ‘झोर्बा’ या संगीतिकेत त्यांनी तीच भूमिका केली आणि 1984मध्ये त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. झोर्बा होते पडद्यावरचेच अँथनी क्विन. वाक्यांच्या जोडीला गाणी आली, अंगावर वीस वर्षं चढली. जुन्या कीर्तीवर ती भूमिका उभी राहिली नसती, ती नव्याने घडवावीच लागली असणार.

यावर पहिला आक्षेप असा, की हा सगळा चित्रपटाच्या नावावर बुकिंग करण्याचा मामला आहे. नावावर बुकिंग होतं, हे मला मान्य आहे. घाणेकरांच्या काळीही ते होत होतं आणि त्याची लाज बाळगायचं कारण नाही. पण नावामुळे प्रेक्षक दारापर्यंत येतो. मध्यंतरानंतरही त्याचं मन नाटकात गुंतलेलं ठेवायचं, ते नाटकालाच जमावं लागतं. दुसरा आक्षेप नकलेचा. 1986मध्ये घाणेकर गेले, त्यामुळे आजच्या बहुसंख्य प्रेक्षकांच्या मनातले घाणेकर चित्रपटातलेच आहेत. भावे यांचा लाल्या म्हणजे त्या घाणेकरांची नक्कल, असं कुणी म्हणेल. हा धोका खरा आहे. मात्र नाटकाच्या संहितेत घाणेकर नावाचं पात्रच नाही. तिथे लाल्या आहे आणि समोर विद्यानंद आहेत. समोरच्या नटाचं वाक्य ऐकून उत्तर द्यायचं असेल, तर नक्कल फार काळ तग धरत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. शनिवार-रविवारच्या तारखा मोजक्या असतात. गाजलेली नावं त्या अडवू लागली, तर नव्या नाटककाराने कुठे जायचं? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अट आहे. पडद्यावरून आलेल्या भूमिकेला नव्या नाटकाइतकीच तालीम मिळावी, आणि अशा प्रयोगांतून कमावणाऱ्या संस्थेने एक तरी नवी संहिता उभी करावी. कानेटकरांचं हे नाटकही 1966मध्ये नवंच होतं. तेव्हा कोणी त्याला तारखा दिल्या, म्हणूनच पुढे लाल्या आठवणीत राहिला, त्याच्यावर चित्रपटातले प्रवेश उभे राहिले आणि तो रंगमंचावर परतू शकला.

याच पट्ट्यातल्या खरवईच्या या व्यासपीठावरून नटांना आणि निर्मात्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रात्रीच्या लोकलने घरी परतणाऱ्या प्रेक्षकाच्या खिशात तो चित्रपट आधीपासून आहे. तेवढंच दाखवायला त्याला बोलावू नका. खिशात मावणार नाही असं काही त्याच्या पदरात घाला.