कॉलरचं कार्ड

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडमधल्या गावोगावच्या सभागृहांत कॉन्ट्रा नाच रंगतो. समोरासमोर जोड्यांच्या लांब रांगा, फिडल-पियानोची साथ आणि मंचावरून पुढची हालचाल पुकारणारा कॉलर. त्यानं नाच तोंडपाठ करावेत, की कार्डावर लिहून जवळ ठेवावेत?

हे कार्ड तळहाताएवढं, तीन बाय पाच इंचांचं. वर नाचाचं आणि रचनाकाराचं नाव, खाली धुनेच्या चार भागांप्रमाणे चार ओळी. प्रत्येक भाग १६ मात्रांचा. ६४ मात्रांचं आवर्तन संपलं की प्रत्येक जोडी नव्या जोडीसमोर येते.

खरी मेख आहे वेळेची. हालचाल पहिल्या मात्रेवर सुरू व्हायची, तर पुकारा आधीच्या भागाच्या शेवटच्या मात्रांतच उरकायला हवा. नाचणाऱ्यांचे पाय एका ओळीवर, कॉलरची जीभ पुढच्या. त्यात त्याचे डोळेही कार्डात असले, तर रांगेच्या टोकाकडे बघणार कोण? टोकाला पोचलेली जोडी एक आवर्तन थांबते आणि आपसांत जागा बदलून परत नाचात शिरते. नवखी जोडी ही अदलाबदल विसरली, की हात कुणाला द्यायचा तेच कुणाला कळत नाही. ही गफलत मान वर असेल तरच दिसते. चौघं आळीपाळीनं उजव्या-डाव्या खांद्यानं एकमेकांना ओलांडतात, त्या 'हे'मध्ये तर नजर हलवूच नये. पुढे-मागे पाऊल टाकायच्या बॅलन्सच्या चार मात्रांनंतर जोडीनं गिरक्या घ्यायच्या स्विंगच्या बारा मिळतात. कार्ड बघायचंच, तर तेव्हा.

तरीही कार्ड बाळगण्यात कमीपणा आहे, असं मला मुळीच वाटत नाही. लंडनच्या जॉन प्लेफर्डनं १६५१ मध्ये कॉन्ट्राचे पूर्वज ठरलेले शंभरावर नाच छापले. न्यू हॅम्पशरचे राल्फ पेज १९४९ पासून 'नॉर्दर्न जंकेट' या आपल्या नियतकालिकातून नाच देत राहिले. हे नाच कागदावरूनही पुढे आलेत. नुसत्या पाठांतरावर भिस्त ठेवणारा कॉलर त्याच त्या नाचांत अडकतो. समोरचे लोक नवखे आहेत की मुरलेले, हे बघून नाच निवडायला कार्डांचा गठ्ठाच हवा.

पाठ करायचे ते शब्द नव्हेत, वाटा. नाचाआधी कार्ड वाचा आणि मनातल्या मनात चौघांच्याही जागेवरून एकेकदा चालून बघा. स्विंग संपल्यावर कोण कुठं उभं आहे, हे सांगता आलं तर कार्ड खिशात टाका. नाही आलं, तर त्या रात्री तो नाच घेऊ नका.