मांजरीचा उपास

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांना हंसूं आल्याशिवाय राहणार नाहीं. माणसांच्या आरोग्याविषयींचीं भाषणें ऐकण्याची आपणांस सवय आहे. गुरांच्या रोगांविषयींहि शेतकरी बांधवांसाठीं पुष्कळदां सांगितलें जातें. परंतु वयस्क आणि लठ्ठ मांजराचें वजन कसें उतरवावें यासाठीं नभोवाणीचीं पंधरा मिनिटें खर्ची घालावीं, हें कोणास चैनीचें वाटेल. माझें उत्तर एवढेंच कीं, हा विषय मला एका चुकीनें शिकविला. ती चूक मीं स्वतः केली, चांगल्या हेतूनें केली, आणि तिच्यापायीं अकरा वर्षांचा एक जीव घरांतून जाण्याच्या बेतांत होता.

आमचें मूळ घर सापगांवचें. शहापुराजवळ भातसा नदीच्या कांठीं हें गांव आहे. धरणांत अडवून जिचें पाणी मुंबईस नेलें आहे, तीच ही भातसा. मुलूख भाताचा. पूर्वीं आमच्या माजघरांत शेणानें लिंपलेली बांबूची कणगी असे. कणगी आली कीं उंदीर आले, आणि उंदीर आले कीं मांजर आलें. तें पाळावें लागत नसे, आपण होऊन राही. घरचें चमचाभर दूध मिळालें तर मिळालें. एका उंदरांत सुमारें ३० उष्मांक असतात, आणि चार किलो वजनाच्या मांजरास दिवसाला सुमारें २०० उष्मांक लागतात. म्हणजे सहासात उंदीर झाले. हे उंदीर कोणी ताटांत आणून वाढीत नाहीं. प्रत्येकासाठीं दबा धरावा लागतो, झेंप घ्यावी लागते, आणि बहुतेक वेळां तोंड वाळवून परत यावें लागतें.

आमची मनी त्याच घरांत जन्मली. ती तीन वर्षांची असतांना आम्हीं शेती खंडानें दिली, भात खळ्यावरूनच गिरणीकडे जाऊं लागलें आणि कणगी मोडली. त्याच सुमारास मनीची शस्त्रक्रिया करून घेतली, कारण तिचीं पिलें वांटावयास गांव पुरेना. ही शस्त्रक्रिया अवश्य करावी असेंच माझें मत आहे; पण तिच्यानंतर मांजराची अन्नाची गरज सुमारें चतुर्थांशानें उतरते आणि भूक मात्र वाढते, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्हीं विचारलेंहि नाहीं.

मग त्या घरांत माझी आत्या आणि मनी अशा दोघीच उरल्या. दूध म्हशीचें, रतिबाचें. सकाळीं दूधभात, दुपारीं साय, संध्याकाळीं पुन्हां दूधभात. शेजारीं सुके बोंबील भाजले कीं तेथलाहि वांटा. आतां लहानशा वाटींत, ५० मिलिलिटर मावेल एवढ्या, म्हशीच्या दुधाचे सुमारें ५० उष्मांक होतात. मांजराच्या दिवसाच्या गरजेचा हा चौथा हिस्सा. दोन हजार उष्मांकांवर ज्याचें भागतें अशा गृहस्थानें दोन्ही वेळचें जेवण जेवून वर रोज पांचशें उष्मांकांचा फराळ करावा, तशांतला हा प्रकार. मांजर डोळे मिटून दूध पितें, असें आपण म्हणतों. आमच्या घरीं डोळे मिटले होते ते पाजणारांनीं.

तरुणपणीं मनी चार किलोची होती. अकराव्या वर्षीं काट्यावर ती सहा किलो तीनशें ग्रॅम भरली. ओटीवरच्या बाकावर तिला उडी मारवेना. कमरेकडच्या भागास जीभ पोंचेना, म्हणून तेथले केंस गुंतून त्यांच्या गांठी झाल्या. आत्या म्हणे, "वय झालं रे तिचं. माझे तरी गुडघे कुठं वाकतात?"

मे महिन्यांत आम्ही मंडळी ठाण्याहून सुटीला गेलों, तेव्हां मीं सुधारणेचें निशाण उभारलें. दूध बंद, भात बंद. शहरांतून नेलेलें मांजराचें कोरडें खाद्य सुरू. मनीनें त्याचा वास घेतला आणि ती पाठ फिरवून बसली. मी म्हणालों, भूक लागली म्हणजे खाईल. आपल्या घरांत एकादशी आहे, चतुर्थी आहे, श्रावणी सोमवार आहे. अजीर्ण झालें कीं लंघन हा तर आपल्या वैद्यकाचा पहिला उपाय. माणसाला जें मानवतें तें मांजराला कां मानवूं नये? दुसऱ्या दिवशीं आत्यानें पदराआड दुधाची वाटी नेली, ती मीं काढून घेतली. तिसऱ्या दिवशीं मनी पाण्याजवळहि जाईना. चौथ्या दिवशीं सकाळीं आत्यानें तिचा कान उजेडाकडे धरला आणि मला हांक मारली. कानाच्या आंतली कातडी हळदीसारखी पिवळी दिसत होती.

मोटारीनें ठाण्यास नेलें. पशुवैद्यांचा पहिला प्रश्न होता, "किती दिवस खाल्लेलं नाही?" माझें उत्तर ऐकून ते कांहीं बोलले नाहींत.

या आजाराचें स्वरूप समजून घेण्यासारखें आहे. उपास पडला कीं शरीर सांठविलेली चरबी मोकळी करतें आणि ती रक्तांतून यकृताकडे जाते. माणसाचें यकृत ती जाळतें किंवा पुढें धाडतें. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी. त्याला प्रथिनें रोजच्या रोज लागतात, आणि यकृतांतून चरबी बाहेर नेण्याचें कामहि प्रथिनांवांचून अडतें. लठ्ठ मांजराजवळ चरबी पुष्कळ. ती येत राहते, बाहेर जात नाहीं, आणि थोड्याच दिवसांत यकृत चरबीनें भरून बंद पडूं लागतें. मग कावीळ होते, मळमळ सुटते, मळमळीमुळें अन्नावरची वासना उडते, आणि न खाल्ल्यामुळें आजार आणखी बळावतो. ज्याच्या अंगीं सांठा अधिक, त्यालाच उपास अधिक घातक, असा हा उलटा न्याय आहे. उपचार एकच : खाऊं घालणें. मनीच्या मानेंतून अन्ननलिकेंत बारीक नळी बसविली आणि पांच आठवडे, दिवसांतून सहा वेळां, पातळ अन्न पिचकारीनें घालावें लागलें. वेळेवर हें झालें तर बहुतेक मांजरें वांचतात. न झालें तर बहुतेक दगावतात.

म्हणून लठ्ठ मांजराच्या घरीं पहिला नियम हा असावा. मांजरानें चोवीस तास अन्नास तोंड लावलें नाहीं तर पशुवैद्यांना कळवावें. दोन दिवस उलटूं देऊं नयेत. नवें खाद्य सुरू करावयाचें तर तें जुन्यांत मिसळून, दहाबारा दिवसांत हळूहळू वाढवावें. हट्टाला हट्ट येथें चालत नाहीं, कारण या खेळांत मांजर हरत नाहीं, मरतें.

वयस्क मांजराचा आणखी एक घोटाळा असा कीं, तें वरून लठ्ठ आणि आंतून रोडावलेलें असूं शकतें. अकराबारा वर्षांनंतर मांजराचे स्नायु झिजूं लागतात व अन्नांतलीं प्रथिनें पचविण्याची शक्ति पुष्कळांत मंदावते. शिवाय मूत्रपिंडाचा विकार, गळ्यांतील ग्रंथीचा अतिरेक आणि मधुमेह हे तिन्ही रोग याच वयांत डोकावतात, आणि लठ्ठपणा हा मधुमेहाचा तर जुना सोबती. पाणी जास्त पिणें, लघवी वाढणें हीं चिन्हें दिसोत वा न दिसोत, वजन उतरविण्यापूर्वीं रक्ताची व लघवीची तपासणी करून घ्यावी. मधुमेह निघाला तरी निराश होण्याचें कारण नाहीं. वेळीं उपचार झाले आणि वजन उतरलें तर कांहीं मांजरांची इन्शुलिनची सुई सुटतेहि. तालुक्याच्या ठिकाणचे दवाखाने मुख्यतः गाईगुरांसाठीं असतात. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय हीं नांवें श्रोत्यांच्या परिचयाचीं आहेतच; आतां ठाणें, कल्याण, पुणें येथेंहि लहान प्राण्यांचे वैद्य मिळतात.

मांजर लठ्ठ आहे कीं नुसतें भरदार, हें हातानें ठरवावें. आपल्या पालथ्या हातावरून बोटें फिरविलीं असतां हाडें जशीं लागतात, तशा मांजराच्या बरगड्या लागल्या पाहिजेत. त्या दाबून शोधाव्या लागल्या, आणि वरून पाहतांना कंबरेचा आंत वळलेला घाट दिसेना, तर वजन जास्त आहे. पोटाखालीं झुलणारी सैल कातडी पाहून मात्र घाबरूं नये. ती सडपातळ मांजरालाहि असते.

मनी बरी होऊन आपल्या तोंडानें खाऊं लागली, तेव्हां ती पांच किलो आठशें ग्रॅम होती. पशुवैद्यांनीं साडेचार किलो हें लक्ष्य ठरविलें आणि आठवड्यास वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढीच घट होऊं द्यावयाची असें बजावलें. म्हणजे तीस ते साठ ग्रॅम. गति मुंगीची खरी. माणसाच्या काट्यावर मांजर घेऊन उभें राहावयाचें आणि मग वजाबाकी करावयाची, ही युक्ति येथें अपुरी पडते, कारण पन्नास ग्रॅमांचा फरक त्या काट्याला दिसत नाहीं. आम्हीं तान्ह्या मुलांचा काटा घेतला व दर रविवारीं सकाळीं, खाण्यापूर्वीं, वजन करूं लागलों.

अन्न दिवसाला सुमारें १७० उष्मांकांचें ठरलें. कोरड्या खाद्याच्या एका ग्रॅमांत साधारणतः साडेतीन ते चार उष्मांक असतात. तेव्हां 'मूठभर' हें माप कामाचें नाहीं. आत्याच्या मुठीचें आणि माझ्या मुठीचें अंतर एका वेळच्या जेवणाएवढें निघालें. नेहमींचेंच खाद्य निम्म्यावर आणणें हेंहि बरें नव्हे, कारण त्याबरोबर प्रथिनें व जीवनसत्त्वेंहि निम्म्यावर येतात. वजन उतरविण्यासाठींच बनविलेल्या खाद्यांत उष्मांक कमी असून प्रथिनें पुरेशीं असतात. त्याच्या जोडीस ओलें खाद्य द्यावें. त्यांत तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असल्यानें पोट भरतें आणि मूत्रपिंडांनाहि तें सोईचें.

शाकाहारी घरांतील श्रोत्यांस येथें एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. टॉरिन नांवाचें द्रव्य मांजराचें शरीर पुरेसें बनवूं शकत नाहीं. तें मांसांत आणि मासळींत असतें, डाळभातांत नसतें. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि जाते व हृदय दुबळें होतें. पैकीं हृदयाचा संबंध १९८७ सालीं अमेरिकेंत उघडकीस आला. आमच्या वाडवडिलांचीं मांजरें दूधभातावर जगलीं, असें आत्या मला ऐकवी. तीं दूधभातावर जगलीं नाहींत, उंदरांवर जगलीं. दूधभात आपण पाहत होतों, उंदीर पाहत नव्हतों.

कांद्यालसणाचें कालवण मांजराला विषारी आहे, आणि खारवलेली सुकी मासळी म्हाताऱ्या मूत्रपिंडांस जड. बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांचे सांधे झिजलेले असतात. तें लंगडतें म्हणून आपली पॅरासिटॅमॉलची गोळी मात्र कधींहि देऊं नये, एका गोळीनेंहि मांजर मरतें. बाकापुढें पाट ठेवला, शौचाच्या मातीचें तसराळें उथळ घेतलें, एवढ्यानेंहि मनीचें हालणें वाढलें. कोरडें खाद्य आम्हीं पांच ठिकाणीं विभागून ठेवूं लागलों : एक वाटी जिन्याच्या पायरीवर, एक जात्यामागें, एक कणगीच्या जुन्या जागीं. शिकार नाहीं तरी शोध तरी होई. संध्याकाळीं दोरीला चिंधी बांधून पांच मिनिटें खेळ. खेळ संपला कीं दोरी उचलून ठेवावी. गिळलेली दोरी आंतड्यांत अडकते.

यांतलें सर्वांत कठीण काम मांजराचें नव्हतें. आत्या ऐंशीच्या घरांत आलेली. दिवसभरांत तिच्याकडे येऊन कांहीं मागणारें असें मनीवांचून कोणी उरलें नव्हतें. "दूध द्यायचं नाही, तर मी तिला देऊ तरी काय?" असें तिनें विचारलें, तेव्हां माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मीं एक पितळी डबा तिच्या स्वाधीन केला. सकाळीं दिवसाचें सगळें खाद्य तोलून त्यांत घालावयाचें. शेजाऱ्यांनीं, मुलांनीं, पाहुण्यांनीं, कोणींहि द्यावयाचें तें त्या डब्यांतून, तिला विचारून. डबा रिकामा झाला कीं दिवस संपला. तेव्हांपासून आत्या शेजाऱ्यांच्या बोंबिलांवर जो पहारा ठेवूं लागली, तो मला कधींच जमला नसता. शिवाय केंसांच्या गांठी सोडविण्यासाठीं फणी घेऊन ती रोज तासभर बसे, आणि मनी तेवढा वेळ हलत नसे.

तीस आठवडे लागले. दोनदां वजन महिनाभर जागचें हललें नाहीं. गणपतींत तर ऐंशीं ग्रॅमांनीं वाढलें, आणि मोदकांतलें सारण कोणीं दिलें याचा शोध शेवटपर्यंत लागला नाहीं. होळीच्या सुमारास काटा चार किलो सहाशें ग्रॅमांवर आला. पशुवैद्यांनीं तेथेंच थांबावयास सांगितलें, आणि अन्न किंचित् वाढवून वजन तेथें टिकवावयास सांगितलें.

आतां मनी बाकावर पाटावरून चढते, आणि लहर लागली तर पाटाशिवायहि. आत्या म्हणाली, "आता तरी तो काटा घेऊन जा ठाण्याला." मीं नेला नाहीं. म्हाताऱ्या मांजराचें वजन आपण कांहीं न करतां उतरूं लागलें, तर तें आजाराचें पहिलें चिन्ह असतें, हें तिला समजावून सांगितलें. तेव्हांपासून रविवारचें वजन ती स्वतः करते, आणि आंकडा माझ्या पत्नीला फोनवर कळविते, मला नाहीं.